घाई न करणारा खेळ

बाळा, परवा तू विचारलंस, "अक्का, ते जपानी रोल-प्लेइंग गेम लई लांब असतात म्हणे, मला झेपतील का?" नीटचा पेपर झालाय, निकालाला वेळ आहे, लातूरची खोली सोडून तू जळकोटला घरी आलीस. दोन वर्षं शिकवणी आणि टेस्ट सिरीज यांपलीकडं काही पाहिलं नाहीस. आता हौसेनं खेळ. फक्त पहिला खेळ कुठला निवडायचा, एवढं माझं ऐक.

तुझ्या वर्गातली पोरं म्हणतात ना, की आळीपाळीनं वार करायच्या लढाया संथ असतात, खरी मजा बोटं पळवण्यात? मला हे अजिबात पटत नाही. या लढाया सोंगट्यांच्या डावासारख्या असतात, तुझी खेळी होईपर्यंत समोरचा थांबतो. कुठला राक्षस आगीला भितो, औषध आता वापरायचं की पुढच्या मोठ्या लढाईला राखायचं, यावर हवा तेवढा विचार कर. मधेच आईनं हाक मारली तर फोन खाली ठेव. परत येशील तेव्हा राक्षस तिथंच उभा असेल.

हे मुद्दाम असं केलेलं आहे. 1986 मध्ये युजी होरी यांनी फॅमिकॉम या घरगुती खेळयंत्रावर 'ड्रॅगन क्वेस्ट' आणला, तेव्हा 'विझर्ड्री', 'अल्टिमा' असले अमेरिकी खेळ संगणकावर होते आणि चांगलेच किचकट होते. होरींनी ती तऱ्हा सोपी करून घरोघरच्या पोरांच्या हाती दिली. हात चपळ नसला तरी चालतं, लढत राहिलं की पात्र बळकट होतं आणि काल न जमलेली लढाई आज जमते. जपानमधल्या त्या पहिल्या खेळात सेव्ह करायची सोयच नव्हती. पडद्यावर 20 अक्षरांचा मंत्र यायचा, तो पोरं वहीत उतरवून ठेवायची. एक अक्षर चुकलं की सगळी मेहनत वाया.

लांबीचं मात्र तुझं म्हणणं खरंय. 'पर्सोना 5 रॉयल' संपवायला 100 हून जास्त तास लागतात. रोज तासभर धरलास तरी तीन महिने गेले, तोवर तुझं कॉलेज सुरू होईल. त्यात शाळेचं एक वर्ष दिवसादिवसानं जगायचं असतं, म्हणून तिथं ती लांबी शोभते. पण काही खेळांत तेच ते राक्षस मारायला लावून नुसते तास भरलेले असतात. असला खेळ अर्ध्यात सोडलास तर मुळीच वाईट वाटून घेऊ नको.

तू 'क्रोनो ट्रिगर'पासून सुरुवात कर. 1995 चा खेळ आहे, आता फोनवरही मिळतो. होरी, 'फायनल फँटसी'चे हिरोनोबू साकागुची आणि 'ड्रॅगन बॉल'वाले आकिरा तोरियामा, अशी तिघं त्यासाठी एकत्र आली होती. मूळ गोष्ट साधारण 20-25 तासांत संपते. राक्षस समोर दिसतात, कित्येकांना वळसा घालून जाता येतं. दोघा-तिघांनी मिळून करायचे वार तर बघच! फक्त इथं लढाईत घड्याळ चालू असतं, राक्षस आपण होऊन थांबत नाहीत. म्हणून सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्टिव्ह' आणि 'वेट' असे दोन पर्याय आहेत, त्यातलं 'वेट' ठेव. मग जादूची यादी उघडलीस की घड्याळ थांबतं.

सोपी पातळी निवडायला लाजू नको, माय. 2020 च्या 'फायनल फँटसी 7 रीमेक'मध्ये पात्रं आपण होऊन लढतात आणि आपण फक्त मोठे वार निवडायचे, अशी सोय आहे. 'पर्सोना 5'च्या सगळ्यात सोप्या पातळीवर हरलं तरी तिथंच उठून पुन्हा लढता येतं. ज्याच्या बोटांत ताकद नाही त्यालाही गोष्ट शेवटपर्यंत बघता यावी, हे मला फार मोलाचं वाटतं. त्याला 'खरं खेळणं नाही' म्हणणाऱ्यांकडं लक्ष देऊ नको.

आपल्याकडची खरी अडचण भाषेची आहे. हे खेळ म्हणजे निम्मं वाचन, आणि ते इंग्रजीतून. 'पोकेमॉन गो' 2023 मध्ये हिंदीत आला, मग मराठीत का येऊ नये? हे आपण मागत राहिलं पाहिजे. तोवर एक बरं आहे, 'क्रोनो ट्रिगर'मधलं बोलणं तू बोट लावेपर्यंत हलत नाही. अडलेला शब्द निवांत शोध.

आणि पैशाचं. एकदाच विकत घ्यायचा खेळ घे. फुकट म्हणून उतरवलेल्या खेळांत पुढं चिठ्ठ्या काढायला लावतात, हवं ते पात्र निघेपर्यंत पैसे जातात. त्याला 'गाचा' म्हणतात. ठरावीक चिठ्ठ्यांचा अख्खा संच जमला तरच बक्षीस, हा त्यातला प्रकार खुद्द जपानच्या ग्राहक खात्यानं 2012 मध्ये बेकायदा ठरवला. बाबांच्या यूपीआयला असल्या कामासाठी हात लावू नको.

आज रात्रीच सुरू कर. एखादी लढाई अडली तर खुशाल फोन कर, पण गोष्टीत पुढं काय होतं ते विचारू नको, मी सांगणार नाही.