बसतंय म्हणजे चालतंय, असं नव्हे
एका गाडीचे ब्रेक दुसऱ्या गाडीला लावण्यापूर्वी



ऊस, खत, पाणी आणि तोडणी यांवर या पानांतून नेहमी लिहिले जाते. आज विषय थोडा निराळा आहे, पण आपल्या दारातलाच आहे. आपल्यापैकी पुष्कळांकडे आता एखादी चारचाकी असते, आणि तीही बहुधा जुन्या हाताने घेतलेली. अशा गाडीची ब्रेकची डिस्क झिजली, कॅलिपर अडकला, की नव्या भागाची किंमत ऐकून आपले पाय जुन्या बाजाराकडे वळतात. तिथे दुसऱ्याच मॉडेलचा, जरा मोठा कॅलिपर आणि डिस्क निम्म्या किमतीत मिळते. मिस्त्री म्हणतो, "बसतंय की! काय होत नाय." आपणही खूश होतो. मी झालो होतो, म्हणून हा लेख.

घाटात काय घडले

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या जुन्या गाडीचे पुढचे दोन्ही कॅलिपर आणि डिस्क मी अशाच बदलून घेतल्या. भाग दुसऱ्या मॉडेलचे होते. भोके जुळली, चाक फिरले, झाले. तेव्हापासून ब्रेकचा पेडल जरा खोल जाई. दोनदा दाबला की धरी. मनात म्हटलं, नवीन आहे, बसेल हळूहळू.

गळीत हंगाम संपल्यावर घरच्या मंडळींना घेऊन समुद्र दाखवायला निघालो. आजऱ्यावरून आंबोली, पुढे सावंतवाडी, कुडाळ, मालवण आणि शेवटी देवबाग, असा रस्ता. आंबोलीपर्यंत काहीच जाणवले नाही. घाट उतरताना मात्र मी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ठेवून पाय सतत ब्रेकवर ठेवला, आणि तीन-चार वळणांनंतर पेडल फळीला टेकला. दोनदा, तीनदा दाबला, तरी हाताला काही लागेना. गिअर खाली टाकत, हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी डोंगराच्या बाजूला घासत नेऊन कशीबशी उभी केली. मागे दोन लहान मुले आणि आई बसलेली. त्यानंतर अर्धा तास कोणी बोलले नाही.

गाडी निवल्यावर पेडल थोडा परत आला. पहिल्या गिअरमध्ये घाट उतरून आम्ही संध्याकाळी देवबागला पोहोचलो. चूक नेमकी कुठे होती ते मला तिथे समजले. ते पुढे सांगतो. आधी ब्रेक काम कसे करतो ते पाहू.

ब्रेक म्हणजे काहीलच

ब्रेक गाडी थांबवतो म्हणजे गाडीच्या वेगातली शक्ती उष्णतेत बदलतो. माणसांसह १,५०० किलो वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली असेल, तर ती एकदा थांबवायला सुमारे २ लाख ८ हजार ज्यूल एवढी शक्ती ब्रेकला पचवावी लागते.

आता घाटाचा हिशेब करा. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचावर आहे. खाली उतरेपर्यंतचा फरक हिशेबापुरता ५५० मीटर धरू. तीच गाडी एवढी खाली आणायची तर सुमारे ८१ लाख ज्यूल शक्ती कुठेतरी जिरवावी लागते. म्हणजे ताशी ६० वरून ३९ वेळा गाडी थांबवल्यासारखे झाले. एवढ्या उष्णतेत २५ लिटर साध्या पाण्याला उकळी येईल! इंजिन खालच्या गिअरमध्ये असेल तर यातला मोठा वाटा इंजिन उचलते, थोडा वारा आणि टायर घेतात. गाडी वरच्या गिअरमध्ये किंवा न्यूट्रलमध्ये सोडली, तर सगळा भार ब्रेकवर पडतो.

डिस्क म्हणजे ही उष्णता झेलणारी बिडाची चकती. जाड आणि मधून हवा खेळणारी डिस्क जास्त उष्णता झेलते आणि लवकर निवते. मोठ्या डिस्कचा खरा फायदा हाच. सपाट रस्त्यावर गाडी लवकर थांबेल, हा मात्र गैरसमज आहे. जुना ब्रेक चाक जाम करू शकत असेल, तर त्यापुढची मर्यादा टायरच्या पकडीची असते, ब्रेकची नव्हे.

पेडल खोल का गेला?

ट्रॉली उलटवणारा हायड्रॉलिक जॅक आपण रोज पाहतो. लहान पंपाचे तेल मोठ्या सिलिंडरात गेले की जोर वाढतो, पण तेवढे तेल जास्त लागते. ब्रेकही तसाच. पेडलखाली मास्टर सिलिंडर, चाकाशी कॅलिपरचा पिस्टन.

समजा, मास्टर सिलिंडरचा व्यास २० मिलिमीटर आणि कॅलिपरच्या पिस्टनचा ४८. क्षेत्रफळाच्या हिशेबाने जोर पावणेसहा पट होतो. आता ४८ च्या जागी ५४ मिलिमीटरचा पिस्टन आला. डोळ्यांना फरक फक्त ६ मिलिमीटरचा, पण जोर सव्वासात पट झाला आणि तेलही सव्वापट लागू लागले. मास्टर सिलिंडर जुनाच असल्याने तेवढे तेल पुरवायला पेडल तितका जास्त खाली जाणार. हाताशी असलेली राखीव हालचाल आपण तिथेच खर्च करून टाकली. घाटात गरज पडली तेव्हा ती उरली नाही.

दुसरी गोष्ट तोलाची. कंपनीने पुढच्या आणि मागच्या चाकांच्या ब्रेकची वाटणी ठरवलेली असते. पुढचा ब्रेक फार जोरदार झाला, तर पुढची चाके आधी जाम होतात, मागचा ब्रेक नुसता बघत राहतो, आणि जाम झालेल्या चाकांनी गाडी वळत नाही. मागचा जास्त जोरदार केला तर त्याहून वाईट. मागची चाके जाम झाली की गाडीची शेपटी फिरते, पावसात तर हमखास.

विहिरीवर पाच अश्वशक्तीचा पंप आणला आणि पाइप, स्टार्टर, केबल तीनच्याच ठेवल्या, तर काय होते ते आपल्याला कोणी शिकवायला नको. ब्रेकचीही तीच गत.

देवबागच्या मिस्त्रीने दाखवलेली चूक

देवबाग म्हणजे एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे वाळूची अरुंद पट्टी. खारा वारा रात्रभर सुटलेला असतो. सकाळी पाहतो तो डिस्कवर तांबूस गंज. बीड उघडे असल्याने हे होणारच. पाच-दहा वेळा हलके ब्रेक मारले की वरचा गंज निघून जातो. पण ज्या पिनांवर कॅलिपर मागेपुढे सरकतो, तिथली रबरी टोपी फाटली असेल तर खार आत जाऊन पिन अडकते आणि एकच पॅड झिजत राहतो. किनाऱ्यावरच्या गाड्यांचा हा नेहमीचा रोग.

शेजारच्या घरमालकांनी एका वयस्क मिस्त्रींना बोलावून आणले. त्यांनी चाक काढले, कॅलिपरकडे पाहिले आणि हसले. म्हणाले, "ह्यां कोणी बसवल्यान? वारो वर जाता, खाली येणा नाय!"

हवा काढायचा निपल कॅलिपरच्या खालच्या अंगाला आला होता. त्याचे कारण असे. माझ्या गाडीत कॅलिपर चाकाच्या आसाच्या मागे बसतो. ज्या मॉडेलचा भाग आणला, त्यात तो आसाच्या पुढे असतो. तरीही डावा डावीकडेच आणि उजवा उजवीकडेच लावला होता. त्यामुळे निपल उलटा झाला. हवा तर तेलाच्या वरच राहणार. खालून कितीही तेल सोडले तरी ती निघाली नाही. पेडल दोनदा दाबावा लागत होता तो त्यामुळेच. तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते.

त्यात ब्रेक ऑइल बदललेच नव्हते. हे तेल हवेतले पाणी शोषते. डॉट ३ जातीचे नवे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत खाली येऊ शकते. डॉट ४ ला हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. तेल उकळले की त्याची वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. घाटात पेडल फळीला टेकला तो या दोन्ही कारणांनी.

त्यांनी कॅलिपर सोडवून निपल वर येईल असा हातात धरला, पिस्टन बाहेर पडू नये म्हणून पॅडच्या मधे डिस्कच्या जाडीची फळी घातली आणि हवा काढली. नवे तेल भरले. पैसे विचारले तर म्हणाले, "घराक जावन पयलो जुनो ब्रेक लावा." मी तेच केले. येताना निर्धास्त आलो असे नाही, पण पेडल पहिल्याच दाबाला धरत होता.

जीपवाल्यांसाठी

जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. त्यावर नंतरच्या मॉडेलचे डिस्क ब्रेक बसवण्याची हौस आपल्याकडे बरीच आहे. यात तीन गोष्टी विसरल्या जातात. पहिली, ड्रमसाठीच्या अनेक मास्टर सिलिंडरांत नळीत थोडा दाब शिल्लक ठेवणारी झडप असते. ती तशीच राहिली तर डिस्कचे पॅड सतत घासतात आणि तापतात. दुसरी, ड्रमचा लायनर फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आवळला जातो, डिस्कला ती मदत नाही. म्हणून पायाचा जोर जास्त लागतो आणि बूस्टर लागतो. तिसरी, डिस्कचे पॅड झिजले की कॅलिपरात जास्त तेल उतरते, म्हणून तेलाची डबी मोठी लागते. पुढचा पूर्ण संच, मास्टर सिलिंडर आणि बूस्टर हे सगळे एका हिशेबाने बदलायचे नसेल, तर ड्रमच नीट ठेवावेत.

भाग घेण्यापूर्वी काय पाहावे

१. प्रथम पार्ट नंबर. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलना पुष्कळदा एकच भाग असतो. आपला चासी नंबर सांगून दुकानात विचारा. नंबर तोच असेल तर निर्धास्त घ्या.

२. डिस्कचा व्यास, जाडी, टोपीची उंची, मधल्या भोकाचा व्यास, बोल्टांची संख्या आणि त्यांतले अंतर, सगळे मोजा. किमान जाडीचा आकडा बहुतेक डिस्कवर कोरलेला असतो. त्याखाली गेलेली डिस्क भंगारच.

३. जाड डिस्कच्या कॅलिपरात पातळ डिस्क कधीही घालू नका. पॅड झिजता झिजता पिस्टन सीलच्या बाहेर येतो आणि सगळे तेल एकदम गळते.

४. कॅलिपरच्या पिस्टनचा व्यास मूळचाच हवा. निपल वरच हवा.

५. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि चाक लोंबते ठेवून पाहा. रबरी नळी ताणली किंवा घासली जाता कामा नये. रिमही कॅलिपरला लागता कामा नये.

६. डिस्क आणि पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे जोडीने बदला.

७. ब्रेकच्या डबीत ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक तेल ओतू नका. डॉट ३, डॉट ४ साठी केलेले रबरी सील त्याने फुगतात आणि सगळे ब्रेक निकामी होतात. डबा सारखा दिसतो म्हणून घरातल्या मुलांना हे आवर्जून सांगा.

८. काम झाल्यावर मोकळ्या सपाट रस्त्यावर आधी ताशी २०, मग ४० वेगाने तपासा. पेडल पहिल्याच दाबाला, वरच्या वर धरला पाहिजे. दोनदा दाबावा लागला तर गाडी तिथूनच माघारी फिरवा.

कायद्याचेही भान ठेवावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात मनाने बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. आपला ब्रेक त्यात बसतो की नाही, हा वाद अपघातानंतर विमा कंपनीशी घालत बसण्याची पाळी कोणावर येऊ नये.

शेवटी एवढेच. जुना भाग घेणे वाईट नाही. आपण शेतकरी माणसे, काटकसर आपल्या अंगात आहे आणि असावीही. पण काटकसर कुठे करायची याचा विचार हवा. त्या व्यवहारात माझे वाचलेले पैसे आज मला आठवतही नाहीत. घाटातल्या त्या वळणावर मागच्या सीटवरून आईने माझ्या खांद्यावर ठेवलेला हात मात्र अजून आठवतो. ऊस गेला तर पुढच्या हंगामात पुन्हा लावता येतो. तेव्हा बंधूंनो, मिस्त्री "बसतंय" म्हणाला, तर त्याला एकच विचारा: "बसतंय खरं, पण थांबतंय का?"