विजेची दुचाकी आणि पंचविसाची मर्यादा



गेल्या सत्रांत नागरिकशास्त्राच्या तासाला एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, माझ्या विजेच्या गाडीला परवाना लागत नाहीं, मग मला वाहतुकीचे नियम तरी कां असावेत?" प्रश्न प्रामाणिक होता, व तो पुष्कळांच्या मनांत असतो. म्हणून त्याचें उत्तर येथें थोड्या विस्तारानें देतों.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें, ज्या बॅटरीवरील गाडीच्या मोटारीची शक्ति 250 वॅटपेक्षां कमी व कमाल वेग ताशीं 25 किलोमीटरपेक्षां कमी आहे, आणि ज्या गाडीच्या या गोष्टी मान्य संस्थेनें तपासून प्रमाणित केल्या आहेत, ती गाडी 'मोटार वाहन' समजली जात नाहीं. म्हणून तिला नोंदणी व तिच्या चालकास परवाना लागत नाहीं. ही सवलत गाडीच्या मंद गतीसाठीं आहे. वेगाचें बंधन कोणी काढून टाकलें, कीं सवलतीचा आधारच नाहींसा होतो. तीच गाडी मोटार वाहन ठरते, आणि मग नोंदणी, विमा, परवाना, शिरस्त्राण हें सर्व आवश्यक होतें.

आतां 25 या आंकड्याचें महत्त्व पदार्थविज्ञानानें पाहूं. ताशीं 25 किलोमीटर वेगानें गाडी एका सेकंदांत सुमारें 7 मीटर जाते. समोर मूल आलेलें दिसून हात ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो असें समजा. त्यापुढें ब्रेक लावल्यावर गाडी 5 मीटरांत थांबली, तर एकूण 12 मीटर झाले. वेग दुप्पट, म्हणजे 50, केला तर पहिल्या सेकंदांत 14 मीटर जातात; आणि गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढत असल्यामुळें थांबण्यास 5 ऐवजीं 20 मीटर लागतात. एकूण 34 मीटर! वेग दुप्पट झाला, पण अंतर जवळजवळ तिप्पट झालें.

उपनगरांतील आपल्या गल्ल्या आठवून पाहा. पुष्कळ ठिकाणीं पदपथ नाहीं. फाटकाशीं मुलें खेळतात. आजीआजोबा सायंकाळीं फिरावयास निघतात. विजेच्या गाडीचा आवाज जवळजवळ नसतो, त्यामुळें ती मागून येत आहे हें त्यांना कळतही नाहीं. ज्याला ऐकूं येत नाहीं त्याची काळजी चालविणाऱ्यानेंच घेतली पाहिजे.

शिस्त न राहिल्यास लोक कंटाळून काय करतात, याचें उदाहरण पॅरिस शहरानें दिलें आहे. तेथें भाड्याच्या विजेच्या स्कूटरींबद्दल, त्या पदपथावर चालविल्या जातात व वाटेल तेथें टाकल्या जातात, अशा तक्रारी वाढल्या. एप्रिल 2023 मध्यें मतदान झालें. शंभरांपैकीं केवळ सातआठ मतदार आले, पण त्यांतील सुमारें 89 टक्के विरुद्ध गेले. आणि त्याच वर्षाच्या ऑगस्टअखेर त्या स्कूटरी शहरांतून गेल्या. जे नीट चालवीत होते त्यांचीही सोय गेली.

पालकांनाही विनंति आहे. गाडी घेण्यापूर्वी प्रमाणपत्र पाहावें, व वेग वाढवून देण्याचें आमिष नाकारावें. 2019 च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत 199अ हें कलम आलें आहे. अल्पवयीन मुलानें मोटार वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास अथवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व 25,000 रुपये दंड होऊं शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं. आपल्या वसाहतींतही सर्वांनीं मिळून साधे नियम करावेत: फाटकाच्या आंत पायीं चालण्याचाच वेग, एका गाडीवर एकच स्वार, अंधार पडतांच दिवा, आणि डोक्यावर नेहमीं शिरस्त्राण.

त्या विद्यार्थ्यास मीं एवढेंच सांगितलें: "बाळ, परवाना नाहीं म्हणजे तुझी परीक्षा कोणी घेतलेली नाहीं. म्हणून ती तूं रोज, रस्त्यावर निघण्यापूर्वीं, स्वतःच घ्यावयाची आहे."