लॅपटॉपसाठीं बिनतारी कार्ड निवडतांना

लॅपटॉपमधील बिनतारी कार्ड निकामी झालें, म्हणून सारें यंत्र टाकून देण्याचें कारण नाहीं. परंतु नवें कार्ड विचार न करितां आणिलें, तर पालकांचा पैसा व्यर्थ जातो. म्हणून विद्यार्थ्यांनीं खरेदीपूर्वीं चार गोष्टी क्रमानें तपासाव्या, असें आम्ही सुचवितों.

पहिली, आकार. जुन्या यंत्रांत 'मिनी पीसीआय एक्स्प्रेस' जातीचें कार्ड असतें. अलीकडच्या यंत्रांत बहुधा 'एम.२' जातीचें, २२ मिलिमीटर रुंद व ३० मिलिमीटर लांब. एकाच्या खांचेंत दुसरें बसत नाहीं. कांहीं यंत्रांत कार्ड डाख देऊन पक्कें केलेलें असतें. तेथें यूएसबीला लावावयाचें बाहेरील साधनच घ्यावें.

दुसरी, अंतर्रचना. इंटेलचीं एएक्स२०० व एएक्स२०१ हीं कार्डें दिसावयास सारखीं. पण पहिलें स्वयंपूर्ण आहे. दुसरें आपलें बरेंचसें काम मुख्य चिपसंचावर सोंपवितें, म्हणून इंटेलच्या ठराविक चिपसंचाशिवाय तें चालत नाहीं. खांचेंत बसणें निराळें आणि चालणें निराळें!

तिसरी, निर्मात्याची अट. कित्येक जुन्या यंत्रांचें बायोस आपल्या यादीबाहेरील कार्ड स्वीकारीत नाहीं.

चौथी, अँटेनाच्या तारांचीं टोकें. एम.२ कार्डावरील टोकें मिनी कार्डाहून लहान असतात, बळजबरीनें मोडतात.

तेव्हां यंत्र बंद करून बॅटरी सोडवावी, जुन्या कार्डावरील क्रमांक उतरून घ्यावा व निर्मात्याच्या दुरुस्ती-पुस्तिकेशीं ताडून पाहावा. आधीं शोध व मग खर्च, हा क्रम ज्यानें पाळिला त्याचें यंत्रही वांचतें आणि ज्ञानही वाढतें.