एका वावरात बारा धान्ये

उत्तराखंडात गढवाल नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथे चार-पाच हजार फूट उंचीवरही गावे आहेत. डोंगर पायऱ्या-पायऱ्यांनी कापून शेते केलेली. बहुतेक शेतांचा भरवसा पावसावरच.

तिथले शेतकरी एकाच वावरात नाचणी, राजगिरा, राजमा, उडीद, कुळीथ, चवळी, तीळ असे सारे मिळून पेरतात. या पद्धतीला ते 'बारहनाजा' म्हणतात. म्हणजे बारा धान्ये. मोजून बाराच असतात असे नाही. कुठे कमी, कुठे जास्त.

कोणी म्हणेल, ही तर नुसती खिचडी! पण नीट पाहा. राजमा हा वेल. त्याला आधार हवा. राजगिरा ताठ वाढतो, वेल त्याच्यावर चढतो. मांडव घालायला नको. उडीद, कुळीथ, चवळी ही कडधान्ये. त्यांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. एखादे रोप हळूच उपटा, म्हणजे दिसतील. त्या गाठींतले जंतू हवेतला नत्र धरून ठेवतात. नत्र म्हणजे पिकाचे खतच. मुळे कुजली की त्यातला काही भाग पुढच्या पिकाला मिळतो. चवळीची पाने जमीन झाकतात. त्यामुळे ओल टिकते, आणि उताराची माती पावसाने कमी वाहते.

पण खरी गोष्ट पोटाची आहे. पाऊस मध्येच ओढला, तरी नाचणी नि कुळीथ बरीच तग धरतात. एक गेले तर दुसरे हाती लागते. एकच पीक पेरले नि तेच बुडाले, तर वाण्याची उधारी आलीच!

१९८० नंतरच्या दशकात तिथे बारहनाजा सोडून सोयाबीन लावा, असा प्रचार झाला. तेव्हा टिहरी भागातील विजय जडधारी व त्यांच्या सोबत्यांनी 'बीज बचाओ आंदोलन' उभे केले. गावोगाव हिंडून जुनी बियाणी गोळा केली. हे काम फार मोलाचे झाले.

यात अडचणही आहे. सारी पिके एकदम तयार होत नाहीत. जे पिकेल ते आधी हाताने काढायचे. हे कष्ट बहुधा बायांच्याच वाट्याला येतात. व्यापाऱ्याला तर एकच माल भरपूर हवा. म्हणून सारे शेत असे पेरा, असे आम्ही म्हणत नाही. घरच्या खाण्यापुरते एक-दोन गुंठे करून पाहावे. राजगिरा विरळ टाकावा. दाट झाला तर नाचणीवर सावली पडते.

आपल्या सह्याद्रीच्या उतारावरही नाचणीबरोबर उडीद, तूर घेण्याची चाल आहे. तुमच्या गावात नाचणीत काय काय लावतात? घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, नि ती नावे पाटीवर लिहा.