इंग्रजी क्रियापद व कालवाचक शब्द

आपल्यापैकीं पुष्कळांस इंग्रजी शब्द ठाऊक असतात, परंतु वाक्यांत काळ चुकतो. ह्याचें कारण असें कीं, आपण मराठी वाक्याचा काळ जशाचा तसा इंग्रजींत नेतों. "तो काल आला आहे" हें मराठींत चालतें. "ही हॅज कम यस्टरडे" हें इंग्रजींत चालत नाहीं. म्हणून वाक्य लिहिण्यापूर्वीं एकच प्रश्न विचारावा: ही गोष्ट संपली, कीं अजून चालू आहे?

पहिला नियम. यस्टरडे, लास्ट इयर, टू डेज अगो, इन 1942 हे शब्द सरलेली वेळ दाखवितात. त्यांच्याबरोबर साधा भूतकाळ योजावा. नंदुरबारचे शिरीषकुमार 9 सप्टेंबर 1942 रोजीं गोळीबारांत हुतात्मा झाले. येथें "शिरीषकुमार डाइड इन 1942" असें लिहावें. "हॅज डाइड" लिहूं नये.

दुसरा नियम. जी गोष्ट मागें सुरू होऊन आजही चालू आहे, तिच्यासाठीं हॅव किंवा हॅज हें सहाय्यक क्रियापद घ्यावें. 1 जुलै 1998 रोजीं धुळे जिल्ह्याचें विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा झाला. ती घटना त्या दिवशींच संपली, म्हणून "नंदुरबार बिकेम अ डिस्ट्रिक्ट इन 1998." परंतु जिल्हा आजही आहे, म्हणून "नंदुरबार हॅज बीन अ डिस्ट्रिक्ट सिन्स 1998." वर्ष एकच, गोष्टी मात्र दोन.

तिसरा नियम. मराठींतील "पासून" आरंभासही लागतो व मुदतीसही. इंग्रजींत तसें नाहीं. आरंभ सांगतांना सिन्स: सिन्स मंडे. मुदत सांगतांना फॉर: फॉर थ्री डेज. "सिन्स थ्री डेज" हें अशुद्ध होय.

ही केवळ व्याकरणाची बारीकी नव्हे. समजा, नवापूरकडील एक रोगी सुरतेच्या दवाखान्यांत न्यावयाचा आहे, आणि तेथील डॉक्टरांस मराठी वाचतां येत नाहीं, म्हणून आपण इंग्रजींत चिठ्ठी देतों. "ही हॅड फीव्हर फॉर थ्री डेज" असें लिहिलें, तर ताप तीन दिवस होता व आतां उतरला, असा अर्थ निघेल. ताप अजून असेल, तर "ही हॅज हॅड फीव्हर फॉर थ्री डेज" असेंच लिहिलें पाहिजे. ह्यांत हॅज सहाय्यक व हॅड मुख्य क्रियापद आहे. त्या एका शब्दावांचून डॉक्टरांची समजूत उलट होईल.

अभ्यास. पुढील वाक्यें इंग्रजींत करा:
1. माझा भाऊ गेल्या वर्षीं शहाद्यास गेला.
2. ती पांच वर्षांपासून तळोद्यास राहते.
3. सोमवारपासून शाळा बंद आहे.

उत्तरें.
1. माय ब्रदर वेन्ट टु शहादा लास्ट इयर.
2. शी हॅज लिव्हड इन तळोदा फॉर फाइव्ह इयर्स.
3. द स्कूल हॅज बीन क्लोज्ड सिन्स मंडे.

प्रथम आपलीं वाक्यें पाटीवर लिहावीं, मग उत्तरें ताडून पाहावीं.