पारदर्शक भागावर पडलेला नकोसा रंग : छंदवर्गातील एक अभ्यासपाठ

मोटारीच्या छोट्या प्रतिकृतीकडे पाहणाऱ्याची नजर प्रथम तिच्या काचांवर जाते. बाहेरील रंग थोडा कमीअधिक असला तरी खपून जातो. परंतु पुढच्या काचेवरील मोहरीएवढा ठिपका हात लांबवर धरला तरी दिसतो. आमच्या वसतिगृहाच्या छंदवर्गात मुलांच्या हातून जे काम सर्वाधिक बिघडते ते हेच. ज्या संचाचे उत्पादन बंद झाले आहे त्याची काच सुटी मिळत नाही, आणि एका संचावर पाच-सहा मुले मिळून काम करीत असल्यामुळे एकाच्या हातून पडलेला थेंब सर्वांच्या कामावर पडतो. म्हणून काचेवरील रंग कसा काढावा याचा हा पाठ आम्ही येथे सविस्तर मांडत आहोत. पाठ मुलांसाठी असला तरी पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनीही तो वाचावा, अशी आमची विनंती आहे. चष्मा, हेल्मेटची काच, दुचाकीच्या दिव्याचे आवरण या घरोघरीच्या वस्तूही पारदर्शक प्लास्टिकच्याच असतात.

प्लास्टिक ओळखणे

रंग काढायला घेण्यापूर्वी त्याखालचे प्लास्टिक कोणते आहे हे ठरवावे. जुळणीच्या संचातील काचा बहुधा पॉलिस्टायरीनच्या असतात. हे प्लास्टिक कडक व ठिसूळ असते. वाकवले तर फारसे न वाकता तडकते. रिमोटवर धावणाऱ्या मोटारींचे पातळ पारदर्शक कवच पॉलिकार्बोनेटचे असते. ते वाकते, पण सहसा तुटत नाही. काही तयार खेळण्यांच्या खिडक्या अॅक्रिलिकच्या, तर काही संचांतील पातळ काचा पेट किंवा अॅसिटेटच्या पत्र्यापासून केलेल्या असतात.

ओळख पटवण्यासाठी स्वयंपाकघरातील मीठ पुरते. एका पेल्यात 180 मिलिलिटर पाणी घेऊन त्यात 20 ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवावे. काचा ज्या पारदर्शक दांडीला जोडलेल्या येतात, तिचा छोटा तुकडा या पाण्यात बुडवून त्यावरचे हवेचे बुडबुडे बोटाने पुसून टाकावेत व तुकडा सोडावा. या मिठाच्या पाण्याची घनता सुमारे 1.07 असते. पॉलिस्टायरीनची घनता सुमारे 1.05 असल्यामुळे ते वर येते. अॅक्रिलिकची सुमारे 1.18, पॉलिकार्बोनेटची सुमारे 1.20 आणि पेटची त्याहूनही अधिक असल्यामुळे ही तिन्ही बुडतात. सातवीत शिकलेला घनतेचा धडा येथे प्रत्यक्ष उपयोगी पडतो, याचे मुलांना फार अप्रूप वाटते.

दांडीचा उरलेला भाग कधीही फेकू नये. कोणताही द्रव काचेला लावण्यापूर्वी तो त्या दांडीवर लावून पाहावा. दांडी आणि काच एकाच साच्यातून, एकाच प्लास्टिकची निघालेली असतात. म्हणून दांडीवर जे घडेल तेच काचेवर घडेल, असे मानून चालावे.

रंग ओळखणे

दुसरा प्रश्न रंगाचा. मॉडेलसाठी वापरले जाणारे रंग स्थूलमानाने तीन प्रकारचे असतात. पहिला अॅक्रिलिक, तो पाण्याने किंवा अल्कोहोलने पातळ होतो. दुसरा एनॅमल, म्हणजे आपल्याकडील ऑइल पेंटच्याच जातीचा. त्यातील द्रव उडून गेल्यावर तो हवेतील प्राणवायूशी संयोग पावून हळूहळू घट्ट होत जातो. तिसरा लॅकर, त्यातील तीव्र द्रावक प्लास्टिकचा वरचा थर किंचित विरघळवून त्यातच रंग रुतवतो.

डबी हाताशी नसेल तर काचेच्या कडेला, जेथे ती मोटारीच्या सांगाड्याला चिकटते त्या झाकल्या जाणाऱ्या पट्टीवर, चाचणी घ्यावी. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलात किंचित भिजवून तेथे मिनिटभर फिरवावी. कापसावर रंग उतरला तर तो बहुधा अॅक्रिलिक होय. वाळलेला एनॅमल एवढ्याने सहसा हलत नाही. लॅकरच्या बाबतीत आरंभीच मनाची तयारी ठेवावी. रंग निघाला तरी खाली खरबरीत खूण राहू शकते आणि ती नंतर घासून, चकाकी देऊन घालवावी लागते.

वेळेचे महत्त्व

एनॅमलचा थेंब पडल्यापासूनच्या पहिल्या काही मिनिटांत तो जवळजवळ कोरड्या कापसानेही उचलता येतो. दुसऱ्या दिवशी त्याला मेहनत लागते, आणि आठवडाभराने काचेला धोका पत्करल्याशिवाय तो निघत नाही. याच कारणाने आमच्या वर्गात एक नियम पाळला जातो : ठिपका पडताच मोठ्याने सांगावे, आणि काच स्वच्छ होईपर्यंत तो कोणी पाडला हे कोणी विचारू नये. बोलणी बसतील या भीतीने मूल ती काच खोक्याच्या तळाशी दडवते, आणि तेवढ्या अवधीत रंग पक्का होतो. ज्या वर्गात रागावणे आधी होते, त्या वर्गात काचा अधिक वाया जातात. पालकांनी घरीही याचा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

काढण्याचा क्रम

नेहमी सौम्य उपायापासून आरंभ करावा. तो पुरा पडला नाही तरच पुढच्या उपायाकडे वळावे.

पहिला उपाय. रंग ओला असेल तर तो पसरवू नये. पाण्याचा अॅक्रिलिक असल्यास साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेला कापूस वापरावा. एनॅमल असल्यास कापसाच्या काडीला टर्पेंटाइनचा केवळ ओलावा द्यावा, काचेच्या मध्याकडून कडेकडे एकदाच पुसावे आणि लगेच साबणाच्या पाण्याने धुवावे. टर्पेंटाइन प्लास्टिकवर रेंगाळू देऊ नये.

दुसरा उपाय. रंग वाळला पण ताजा आहे, अशा वेळी दातकोरण्याचे टोक पटाशीसारखे चपटे तासून घ्यावे, ओले करावे आणि अगदी आडवे धरून ठिपक्याच्या कडेखाली हलकेच सरकवावे. लाकूड या प्लास्टिकपेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडा उठत नाही. कटरचे पाते, सुई किंवा नख वापरू नये. पोलादाने पडलेली चर मूळ ठिपक्यापेक्षा अधिक दिसते.

तिसरा उपाय आयसोप्रोपिल अल्कोहोलचा. पॉलिस्टायरीनवरील अॅक्रिलिक रंगासाठी हाच आमचा मुख्य आधार आहे. कापसाची काडी भिजवून ठिपक्यावर मिनिटभर टेकवून ठेवावी, मग ती घासण्याऐवजी लाटण्यासारखी फिरवावी, म्हणजे सुटलेला रंग कापसावर उचलला जातो. प्रत्येक फेरीला नवा कापूस घ्यावा. त्याच कापसाने पुन्हा घासल्यास रंगातील कण काचेवर रेघा ओढतात. संपूर्ण काचच रंगली असेल तर झाकणाच्या काचेच्या बरणीत ती अल्कोहोलात बुडवावी आणि दर 5 ते 10 मिनिटांनी पाहत राहावे. शेवटी कोमट पाण्याने धुवावे. कढत पाण्याने पातळ काच वाकण्याची भीती असते. अॅक्रिलिक प्लास्टिकच्या काचेवर मात्र हा उपाय जपून करावा, कारण ताण असलेल्या जागी अल्कोहोलने तिच्यात केसासारख्या भेगा पडतात.

चौथा उपाय दाहक सोड्याचा, म्हणजे भट्टी साफ करण्याच्या द्रवांत असलेल्या कॉस्टिक सोड्याचा. एनॅमलमधील तेलजन्य राळेचे अल्कलीमुळे साबणीकरण होते व रंग सुटतो. पॉलिस्टायरीनवर अल्कलीचा फारसा परिणाम होत नाही. परंतु पॉलिकार्बोनेटची त्याने नासाडी होते, आणि त्वचेला व डोळ्यांना तो अत्यंत घातक आहे. म्हणून हे काम मुलांनी कधीही करू नये. मोठ्या माणसाने रबरी हातमोजे व चष्मा घालून, उघड्या हवेत करावे.

जे कधीही वापरू नये

अॅसिटोन, अॅसिटोन असलेले नखांचा रंग काढण्याचे द्रव, लॅकर थिनर, टोल्युइन आणि पेट्रोल ही पॉलिस्टायरीनला विरघळवतात किंवा त्याची पारदर्शकता घालवतात. गाडीच्या ब्रेक ऑइलने रंग निघतो, असे ऐकून काही जण ते वापरतात. पण ते विषारी असते आणि पारदर्शक भागाची अवस्था त्यात बुडवल्यावर काय होईल याचा भरवसा नसतो. आणखी एक इशारा मुलांनी पाठ करावा : अमोनिया असलेला काच पुसण्याचा द्रव आणि ब्लीच कधीही एकत्र करू नयेत, त्यांतून निघणारा वायू फुप्फुसांना इजा करतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल झटकन पेट घेते, म्हणून जवळ उदबत्ती, मेणबत्ती वा शेगडी नसावी आणि खिडक्या उघड्या असाव्यात.

काच धुरकट झाली तर

रंग निघाला, पण काच पांढुरकी दिसते, असे पुष्कळदा होते. अशा वेळी त्या जागी पाण्याचा एक थेंब ठेवावा. थेंबाखाली काच स्वच्छ दिसली तर दोष केवळ पृष्ठभागावर आहे. सूक्ष्म खाचखळग्यांवर आदळून प्रकाश चहूकडे विखुरतो, म्हणून काच पांढरी भासते. पाण्याने ते खळगे भरले की विखुरणे कमी होते. थेंबाखालीही भेगा चमकत राहिल्या तर त्या आत गेलेल्या आहेत, आणि कितीही घासले तरी त्या जाणार नाहीत.

दोष पृष्ठभागावरचा असल्यास काचेखाली मऊ कापडाची घडी आधाराला ठेवावी आणि 2000 क्रमांकाच्या वॉटर पेपरने पाणी लावून हलके घासावे. मग त्याहून बारीक पेपर क्रमाने घ्यावेत. प्रत्येक पेपर आधीच्या दिशेला काटकोनात फिरवावा, म्हणजे आधीच्या रेघा पूर्ण गेल्या की नाही हे कळते. शेवटी पॉलिशिंग कंपाउंड, आणि ते नसल्यास साधी पांढरी टूथपेस्ट, मऊ कापडाने फिरवावी. घाई करून जोर लावल्यास घर्षणाने प्लास्टिक तापते किंवा तडकते.

यानंतर पाण्यावर आधारित पारदर्शक अॅक्रिलिकच्या पातळ थरात काच बुडवून, कडेला जमलेला थेंब कापडाने टिपून, धूळ बसणार नाही अशी झाकून वाळवावी. उरलेल्या बारीक रेघा त्या थराने भरून निघतात. पॉलिस्टायरीनचा अपवर्तनांक सुमारे 1.59 आणि अॅक्रिलिकचा सुमारे 1.49 आहे, हवेच्या मानाने हे अंतर थोडे असल्यामुळे भरलेली रेघ डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. अमेरिकेतील छंदकारांनी याच कामासाठी फरशीला चकाकी देणारे अॅक्रिलिक पॉलिश वर्षानुवर्षे वापरले. त्याचा दुसराही लाभ आहे : अशा थरावर पुढे रंग सांडला, तर अमोनियाच्या द्रवाने तो थर रंगासकट उतरतो आणि खालचे पॉलिस्टायरीन सुरक्षित राहते.

भेगा आत गेलेल्या असतील तर हट्ट सोडावा. दाराची काच असल्यास ती बसवूच नये. खिडकी उघडी आहे असे दाखवावे. सपाट काच असल्यास खोक्यावरील पारदर्शक पत्र्यातून जुन्या काचेच्या मापाने नवी कापावी.

आधीची दक्षता

काच सांगाड्यात शेवटी बसवावी. रंगवताना काचेवर मास्किंग टेप दाबून कडा नखाने पक्क्या कराव्यात. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीच्या 1:24 प्रमाणातील अनेक मोटारींच्या संचांत काचांच्या आकाराचे मास्किंग स्टिकर दिलेले असतात. ते फेकून न देता वापरावेत. काच चिकटवताना झटपट चिकटणारा सायनोअॅक्रिलेट गोंद टाळावा, कारण त्याच्या वाफेने काचेवर पांढरा थर धरतो.

घरातील काचांविषयी

शेवटी पालकांसाठी दोन शब्द. हेल्मेटची पुढची काच बहुधा पॉलिकार्बोनेटची असते. रंगपंचमीनंतर तिच्यावरील रंग किंवा स्टिकरचा चिकटपणा घालवण्यासाठी पेट्रोल, थिनर किंवा अॅसिटोन लावणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्याने काच वरवर स्वच्छ दिसते. पण तिच्यात सूक्ष्म भेगा पडतात, ती ठिसूळ होते, आणि रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचा प्रकाश त्या भेगांवर पसरून रस्ता दिसेनासा होतो. हेल्मेटच्या कवचाच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी. साधा सौम्य साबण, कोमट पाणी आणि मऊ कापड एवढेच तेथे वापरावे. तेवढ्याने डाग निघाला नाही आणि तो दृष्टीच्या आड येत असेल, तर नवी काच बसवावी. प्रतिकृतीची काच बिघडली तर एक खेळणे बिघडते. हेल्मेटच्या काचेमागे आपल्या मुलाचे डोळे असतात.