संगणक संथ का चालतो? आधी परीक्षण, मग उपाय



माती परीक्षण, बेणे निवड, खोडवा व्यवस्थापन या विषयांवर आपण या पानातून नेहमी बोलतो. यावेळचा विषय जरा निराळा आहे, पण तो आता बांधापर्यंत आलेला आहे. सातबारा संगणकावर, ऊस नोंद संगणकावर. केंद्र शासनाने २०२२ साली देशातील ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास मंजुरी दिली, त्यामुळे सोसायटीचे दप्तरही त्याच वाटेवर आहे. घरोघरी मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेली मशीन आहेत ती वेगळीच. आणि गट कार्यालयात बसले की एक तक्रार हमखास कानावर येते, "साहेब, कॉम्प्युटर लई स्लो झालाय. बटण दाबायचं अन् चहा पिऊन यायचं. नवीन घ्यावा का?"

घाई करू नये. ऊस पिवळा पडला म्हणून कोणी थेट युरियाचे पोते फोडले, तर आपण विचारतो, बाबा, नत्र कमी आहे, लोह कमी आहे, का मुळाशी पाणी साचलंय? संगणकाचेही तसेच आहे. कमतरता कशाची आहे हे कळल्याशिवाय केलेला खर्च वाया जातो.

कारखान्यावरून समजून घ्या

उसाच्या गाड्या यार्डात उभ्या असतात. नंबर आला की ऊस गव्हाणीत पडतो आणि तेथून मिलमध्ये जातो. संगणकात डिस्क म्हणजे यार्ड. सगळा माल तेथे साठलेला असतो. मेमरी, म्हणजे रॅम, ही गव्हाण. प्रोसेसर ही मिल. आणि कोणाचा नंबर कधी, हे ठरवून सगळ्यांना चालवणारी यंत्रणा म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती विंडोज असते.

आता मिल कितीही दणकट असली तरी गव्हाणीत ऊसच पडला नाही तर ती रिकामी फिरणार. संथ संगणकात बहुतेक वेळा हेच घडते. मिल चांगली असते, अडकलेले असते ते यार्डात. गव्हाण लहान असेल तर आणखी घोटाळा होतो. मेमरी भरली की विंडोज जादा माल परत डिस्कवर टाकते आणि लागेल तेव्हा पुन्हा उचलते. टाक-उचल करण्यातच वेळ जातो आणि आपण म्हणतो, मशीन अडकलं.

परीक्षण कसे करावे

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावीत. टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडते. त्यातील परफॉर्मन्स या भागात सीपीयू, मेमरी व डिस्क यांचे आकडे टक्क्यांत दिसतात. मशीन संथ चालत असताना पाच मिनिटे बसून ते पाहावेत आणि कागदावर लिहावेत.

१) डिस्क सारखी १०० टक्क्यांवर आणि बाकीचे आकडे कमी : यार्ड तुंबलंय. डिस्कच्या नावाखाली एचडीडी असे लिहिले असेल तर ती फिरत्या तबकडीची जुनी डिस्क समजावी.
२) मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर : गव्हाण लहान पडते, किंवा एकाच वेळी फार कामे उघडली आहेत.
३) सीपीयू सतत १०० टक्के : एखादा प्रोग्रॅम धुडगूस घालतोय. प्रोसेसेस या भागात त्याचे नाव सापडते.
४) तिन्ही आकडे कमी, तरी इंटरनेटची पाने उघडत नाहीत : दोष संगणकाचा नाही, नेटच्या लाइनचा आहे. मशीनवर खर्च करू नये.

बिनखर्चाचे उपाय

पहिला उपाय रिस्टार्टचा. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअपची सोय आली. ती चालू असेल तर शट डाउन करूनही यंत्रणेचा काही भाग डिस्कवर तसाच जपून ठेवला जातो आणि पुन्हा तोच उठतो. रिस्टार्टमध्ये मात्र सगळे नव्याने सुरू होते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी रिस्टार्ट करावे.

दुसरा उपाय, टास्क मॅनेजरमधील स्टार्टअप हा भाग पाहावा. मशीन सुरू होताच न बोलावता उठून बसणाऱ्या प्रोग्रॅमची यादी तेथे असते. नको असतील ते डिसेबल करावेत. डिसेबल म्हणजे काढून टाकणे नव्हे. लागेल तेव्हा ते हाताने उघडता येतात. अँटीव्हायरसला मात्र हात लावू नये.

तिसरा उपाय तणनियंत्रणाचा. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज या क्रमाने जाऊन टेम्पररी फाइल्स पुसाव्यात. येथे एक धोका आहे. त्याच यादीत डाउनलोड्स असाही एक रकाना असतो. तेथे खूण केली तर उतरवून ठेवलेले सातबारे, पावत्या, निकालपत्रे सारे जाते, आणि ते कचराकुंडीतही सापडत नाही. भांगलण करताना रोप उपटले तर ते परत उभे राहत नाही, हे ध्यानात धरावे.

चौथा उपाय साफसफाईचा. पाचटाची धूळ आणि रस्त्याची माती पंख्यात बसते. मशीन तापले की प्रोसेसर जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करतो. वायर काढून, मऊ ब्रशने जाळी व पंखा साफ करावा.

खर्च करायचाच असेल तर

परीक्षणात जुनी डिस्क दोषी ठरली तर एसएसडी बसवावी. फिरत्या डिस्कला एक जागा शोधायला साधारण १० मिलिसेकंद लागतात. एसएसडीला त्याच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास. गट कार्यालयातील एका मशीनबाबत दुकानदाराने नवीनच घ्या असा सल्ला दिला होता. डिस्क १०० टक्के आणि मेमरी निम्मी रिकामी दिसत असल्याने फक्त डिस्क बदलली. आज ऊस नोंदीचे काम त्याच मशीनवर चालू आहे. एसएसडी बसवल्यावर डिफ्रॅगमेंटेशनची बाहेरची पॅकेजे चालवू नयेत. तिची निगा विंडोज स्वतः राखते. मेमरी कमी असेल तर ती वाढवावी. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी आहे, पण नेहमीच्या कामाला ८ जीबी असलेली बरी.

कोणत्याही दुरुस्तीआधी कागदपत्रांची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. आपल्या भागातील एका सभासदाचे मशीन फुकट साफ करून देतो म्हणून कोणीतरी नेले आणि कोरे करून आणून दिले. वेग वाढला, पण कर्जाचे कागद आणि वडिलांचे फोटो गेले.

दोन इशारे

विंडोज १० ची सर्वसाधारण सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. ज्यांनी वाढीव सुरक्षा योजना घेतली नाही त्यांना सुरक्षा सुधारणा मिळत नाहीत. मशीन झकास पळत असले तरी अशा मशीनवर बँकेचे व्यवहार करणे जोखमीचे आहे. मशीन विंडोज ११ च्या अटीत बसते का, हे आधी तपासावे आणि मगच डिस्क किंवा मेमरीवर पैसा घालावा.

दुसरा इशारा : "तुमचा कॉम्प्युटर स्लो आहे, व्हायरस आहे, हे ॲप टाका, आम्ही इथून दुरुस्त करतो" असा फोन आला तर ठेवून द्यावा. अशा ॲपने मशीनचा ताबा परक्याच्या हाती जातो. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. वेग दहापट करतो असे सांगणारी फुकटची पॅकेजेही त्याच माळेतली.

स्वाध्याय

१) आपल्या मशीनचे डिस्क, मेमरी व सीपीयूचे आकडे लिहून काढा. अडचण यार्डात, गव्हाणीत की मिलमध्ये?
२) स्टार्टअपच्या यादीत किती नावे आहेत? त्यांतील किती रोज लागतात?
३) महत्त्वाच्या कागदांची दुसरी प्रत कोठे आहे?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर "कोठेच नाही" असे आले तर वेगाचे राहू द्या, आज रात्री ते काम आधी उरका. आकडे लिहिलेला कागद गट कार्यालयात आणल्यास बसून पाहता येईल. नवे मशीन घेण्यापूर्वी सभासदांनी एवढे परीक्षण करावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी